मिठाचा रंग

मीठ.

कारखान्यात त्याला डोळे म्हणतात. तो कामावर आला की दारातलं कुणीतरी म्हणतंच, "चला, डोळे आले." पहिल्यांदा हसणारे निवृत्त झाले, तो विनोद अजून नोकरीत आहे.

शिडी समोरच्या वकिलांची. परत द्यायची आहे.

"पांढरा हा काय रंग झाला? दवाखाना वाटतो."

मिटलेल्या पापण्यांमागून कुठलाही दिवा लालच दिसतो. मध्ये रक्त असतं म्हणून.

नावडतीचं मीठ अळणी.

"बाबा, आईचा हात तुम्ही असा का धरलात?"

"डोळे मिटून बसा काका, मी सांगेपर्यंत उघडू नका," असं म्हणून सिस्टरांनी दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले आणि त्याला बाकाच्या टोकाला बसवलं. थेंब घशात कडू उतरले. दर वर्षअखेरीला कारखाना त्याला इथं पाठवतो. रंगाच्या कारखान्यात नमुन्याशी छटा जुळवणारा माणूस म्हणजे शेवटी दोन डोळेच, आणि त्यांची हमी कुणीतरी द्यायला हवी. ठिपक्यांचं पुस्तक आधीच झालं होतं. ठिपक्यांच्या गर्दीत लपलेले आकडे त्यानं पान पुरतं उलटायच्या आत सांगितले, आणि डॉक्टर नेहमीसारखे म्हणाले, "तुम्हाला पाठ झालंय हे." आता बाहुल्या मोठ्या होईपर्यंत नुसतं बसायचं. त्याची हरकत नव्हती. घरी बायकोजवळ मुलगी होती, बायकोला बोलायला शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या असतील, सगळं आपापल्या वेळेला होत असेल. इथल्या अंधारात त्याला कुणी काही विचारणार नव्हतं. शेजारी कुणी बाई येऊन टेकली, तिच्याबरोबर एक लहान मुलगी, थेंबांनी रडवेली झालेली. "मीट," बाई म्हणाली. "उं." "मीट म्हटलं ना. आधी डोळे मीट, मग गंमत." "मिटलेत." "फटीतून बघतेस, लबाड. नीट मीट." त्यानं डोळे उघडले. छतावरची ट्यूबलाइट दुधात पडल्यासारखी फुटून सगळीकडे पसरली. "काका, मिटा हो," सिस्टर लांबून म्हणाल्या. त्यानं मिटले. पण आता तो अंधार मघाचा राहिला नव्हता. मिटा. मीट. मीठ. कुणीतरी आत दार ठोठावत होतं आणि तो इतके दिवस खिडकीतून बघत, कोण आहे, कोण आहे, विचारत होता.

उन्हाळ्यात बायकोला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती जिन्याखालच्या कपाटाशी उभी होती. तिथं तिचं काय काम होतं हे कुणी विचारलं नाही. विचारायची ती वेळ नव्हती, आणि वेळ आली तेव्हा सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते. पाय काठीच्या आधारानं परत आला. उजवा हात आला नाही. शब्द आले ते वाट चुकलेल्या लोकांसारखे, कुणीही कुठल्याही घरात शिरलेले. पाणी हवं असलं की ती म्हणायची, खिडकी. मुलीला हाक मारायची, अगं चमचा, आणि मुलगी ओ द्यायची, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं, "त्यांना काय म्हणायचंय ते त्यांना नीट माहीत असतं. पत्ता बरोबर असतो, पाकीट तेवढं भलतंच हाताला लागतं. तुम्ही वाक्य पुरं करून देऊ नका. थांबायचं." थांबणं त्याला येत होतं. त्याचं कामच थांबण्याचं. रंगाचा पट्टा ओला असताना एक दिसतो, वाळल्यावर दुसरा, आणि वाळेपर्यंत मत द्यायचं नाही. पण घरात थांबून चालत नाही. तिनं काय घालायचं, किती वाजता जेवायचं, खुर्ची कुणीकडे वळवायची, केस कापायचे की नाहीत, हे सगळं बघता बघता दुसरेच ठरवायला लागले. केस कापले तेव्हा ती आरशात बघून काहीच म्हणाली नाही. एक भलता शब्दसुद्धा नाही. त्या दिवशी त्यानं ठरवलं होतं की वर्षअखेरीच्या दिव्यांच्या माळेचा रंग मात्र तीच सांगेल. मग कितीही थांबावं लागलं तरी. जग इकडचं तिकडे झालं तरी तो रंग तिचाच असायचा, आणि तो बरोबर आणून लावणं एवढंच त्याच्याकडून तिला देण्यासारखं उरलं होतं.

वर्ष संपत आलं की त्यांच्या रस्त्यावरची घरं दिवे लावतात. वकिलांचं घर तर असं लखलखतं की ती म्हणायची, "चोर आले तर गॉगल घालून येतील." त्यांच्या स्वतःच्या घराला एकच माळ, फाटकापासून पोर्चच्या कठड्यावरून वरच्या खिडकीपर्यंत, आणि तिच्यावरून दर वर्षी भांडण. दिवसभर छटा तपासायच्या करड्या पेटीत डोकं घालून बसणाऱ्या माणसाला घरी आल्यावर काय हवं असणार? पांढरा. किंचित पिवळट, ऊबदार, कुणाला काही न सांगणारा पांढरा. आणि ती म्हणायची, दवाखाना. "कारखान्यात तुझा डोळा चालतो, घरात माझा." ती त्याच कारखान्यातली, डबे भरायच्या विभागात लेबलं लावायची, आणि तिथं सगळे एकमेकांना अरे-तुरे करायचे, म्हणून लग्नानंतरही खोलीचं दार लागलं की अरे आणि उघडलं की अहो. त्याच्या आईपुढे अहो, मुलीपुढे अहो, पाहुण्यांपुढे तर "अहो ऐकलं का" इतकं गोड की त्याला हसू दाबावं लागायचं. पुढे सगळ्यांपुढचं अहो सरावाचं झालं आणि अरे आक्रसत आक्रसत उशीएवढं उरलं. तिनं आणलेल्या माळा त्याला सगळ्या आठवतात. जांभळ्यात पिवळा, तो म्हणाला होता, भाजीबाजार. गुलाबीत हिरवा, अगदी औषधाच्या गोळीचा हिरवा. एका वर्षी नुसता निळा, ज्यात पाहुण्यांचे चेहरे बुडालेल्या माणसांसारखे दिसायचे, त्या वर्षी ती स्वतःच तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काढ रे बाबा, मलाच भीती वाटते." छटेसकट आठवतात. आज सांगितलं तर उद्या जुळवून देईल. पण त्या बाकावर, कडू घशानं, पापण्यांमागच्या लालसर काळ्यात बसलेला असताना त्याला कळलं की त्याला रंग तेवढे आठवत होते. रंगाच्या आधीचा अंधार आठवत नव्हता. आधी ती त्याला फाटकाशी उभा करायची. घराकडे तोंड करून. "डोळे मीट." मिटले. "फटीतून बघतोयस." अगं, मी नोकरीच डोळ्यांची करतो, मिटू कसे? "मीट रे." आणि मग तिची पावलं पोर्चकडे, खटका, आणि पापण्यांवर काहीतरी कोमट पडल्यासारखं व्हायचं. दर वर्षी. आधी मीट, मग रंग. मीट हा शब्द तिनं रंगाच्या अगोदर इतक्या वेळा उच्चारला होता की तिच्या विस्कटलेल्या डोक्यातसुद्धा तो जागचा हलला नव्हता. फक्त जीभ जड झाली होती आणि ट चा ठ झाला होता.

आणि यानं मीठ आणलं.

म्हणजे असं, की दुकानातून सगळ्या रंगांच्या माळा परत करायच्या बोलीवर घरी आणल्या. दुकानदार म्हणाला, "बाई नाही आल्या?" तो म्हणाला, "त्यांच्यासाठीच नेतोय." सकाळी तिला खुर्चीत बसवून, नमुने मांडतात तशी, एकेक माळ समोर पेटवली. "हा?" ती म्हणाली, "मीठ." लाल पेटवला. "मीठ." हिरवा पेटवला. "मीठ, मीठ." मान हलवून, कपाळाला आठी घालून, शिकवताना मंद मुलावर वैतागावं तशी. मुलगी म्हणाली, "बाबा, तिला मीठ हवं असेल, जेवण अळणी लागत असेल." तो म्हणाला, "नावडतीचं मीठ अळणी. ही तर आवडती आहे." ते त्यानं बायकोला हसवायला म्हटलं होतं. ती हसली नाही. तिनं डावा हात उचलून त्याच्या तोंडाकडे नेला, तो लांब होता म्हणून हात हवेतच राहिला, आणि मग खाली आला. त्यानंतर दिव्यांचा विषय निघाला की एवढा एकच शब्द. खिडकी नाही, चमचा नाही. तिच्या सगळ्या भटक्या शब्दांत हा एकटाच दिलेल्या जागी उभा राहणारा, म्हणून त्याला त्याचा भरवसा वाटला. ज्या अर्थी ती दर वेळी तेच म्हणते, त्या अर्थी तो रंग आहे. मिठाला रंग एकच. त्याला थोडा आनंदही झाला होता, आणि आता बाकावर तो आनंद आठवून त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण त्या आनंदात, इतक्या वर्षांनी आपलाच रंग, असा एक बारीक दाणा होता. मुलीनं विचारलं, "आईला पांढरा कधी आवडला होता?" तो म्हणाला, "माणूस बदलतं." दुकानात त्या दिवशी एकच पांढरी होती, थंड, निळसर झाक असलेली, पण पांढरी. वकिलांकडून शिडी आणली. फाटकापासून वरच्या खिडकीपर्यंत माळ चढवली. अंधारून आल्यावर तिला हाताला धरून पायरी उतरवली, मुलीनं पाठीमागून धरलं, आणि खटका दाबला.

ती बघत राहिली. मग तिच्या तोंडाचा चांगला कोपरा खाली ओढला गेला आणि ती म्हणाली, मीठ. तो म्हणाला, "हो, मिठासारखा. बघ ना." आणि तिनं डावा हात सरळ त्याच्या चेहऱ्यावर टाकला. तळवा नाकावर, बोटं डोळ्यांवर, दाबून. एक नख पापणीला लागलं. त्याला वाटलं ती मारते आहे. अशा आजारात मारतात, असं ऐकलं होतं. त्यानं तिचं मनगट पकडलं आणि हात खाली आणला, आणला म्हणजे ओढला, आणि म्हणाला, "लोक बघताहेत. लहान मुलासारखं करू नकोस." एवढंच. त्या रात्रीपासून ती खुर्ची खिडकीकडे पाठ करून बसते. कुणी वळवली तर पाय रोवते. विषय निघाला तरी आता मीठसुद्धा म्हणत नाही.

सिस्टरांनी मिटलेल्या पापण्या उचलून टॉर्च मारली, डॉक्टरांनी आत डोकावलं, सगळं ठीक आहे म्हणाले, आज बारीक काही वाचू नका, गाडी चालवू नका. तो बसनं निघाला. बाहेर संध्याकाळ लवकर पडली होती आणि रस्त्यातला प्रत्येक दिवा कापसाच्या बोंडासारखा फुटलेला. दुकानांच्या पाट्या, सिग्नल, घरांवरच्या माळा, सगळ्यांच्या कडा एकमेकांत गेलेल्या. त्याला छटा कळत नव्हत्या. त्याला कुणी विचारलं असतं हा कुठला लाल, तर सांगता आलं नसतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं त्याला काही वाटलं नाही. कारखान्यातल्या पेटीत वेगवेगळे दिवे असतात. उन्हाचा, दुकानाचा, घरातल्या पिवळ्या बल्बचा. दोन पट्टे उन्हात एकजीव दिसतात, घरच्या बल्बखाली नेले की सख्खे वाटावेत इतकेही जुळत नाहीत. नव्या माणसांना तो हे पहिल्याच दिवशी शिकवतो: कुठल्या उजेडात बघतोय ते आधी विचारायचं, मग रंग बोलायचा. नवी माणसं मान डोलावतात. मिटणं. पाकळ्या मिटतात. छत्री मिटते. भांडण मिटतं, दर वर्षी माळ लागल्यावर तीच म्हणायची, चला, मिटलं एकदाचं. डोळ्यांवर हात ठेवून एवढं सरळ सांगत होती ती, आणि तेही सगळ्यांदेखत, मुलीदेखत, एकेरीत. त्याला वाटत होतं की आजारपणानं अरे नेलं आणि अहोही नेलं. नेलं नव्हतं. मीट. मिटा नव्हे. शेजारच्या उतारूनं त्याला रुमाल पुढे केला. "थेंब टाकलेत," तो म्हणाला. "डोळ्यांत."

घरावर माळ जळत होती, फाटकापासून खिडकीपर्यंत, निळसर, त्याच्या डोळ्यांत फुगून दवाखान्याच्या व्हरांड्याएवढी झालेली. त्यानं आत जाऊन खटका बंद केला आणि प्लग उपसला. मुलगी म्हणाली, "काय झालं? डॉक्टर काय म्हणाले?" तो म्हणाला, "डोळे शाबूत आहेत. तू आईला पोर्चमध्ये घेऊन येतेस का? आणि मग काहीही झालं तरी मदत करायची नाही." "म्हणजे काय?" "म्हणजे थांबायचं." खुर्ची खिडकीकडे पाठ करून होती. तो तिच्यासमोर खाली बसला. तिचा चेहरा त्याला धूसर दिसत होता, कडा नसलेला, कापलेल्या केसांमुळे एखाद्या शाळकरी पोरीसारखा. काय बोलावं हे बसमध्ये त्यानं जुळवून ठेवलं होतं, ते सगळं वाळून भलत्याच रंगाचं झालं. तो एवढंच म्हणाला, "मी फाटकाशी उभा राहतो. मिटतो." तिनं त्याच्याकडे बघितलं. मग काठीकडे बघितलं.

तो फाटकाशी जाऊन उभा राहिला, घराकडे तोंड करून, आणि त्यानं डोळे मिटले. आधी नुसतं गार. मग घरातून काठीचा आवाज, पण पोर्चकडे येणारा नव्हे, आत जाणारा. थांबला. कुठलं तरी कपाट करकरलं. सांधा जिन्याखालच्या दाराचा होता, तेल घालायचं राहिलेल्या त्या दाराचा. खोक्याचा खरखराट. काहीतरी पडलं. मुलगी म्हणाली, "आई, दे इकडे," आणि पुढे तिचा आवाज आला नाही. काठी आता पोर्चकडे, तिच्यामागे फरशीवर घासत येणारं काहीतरी, दमेकरी श्वास. रस्त्यावरून चपला आल्या आणि त्याच्यापाशी थबकल्या. "काय हो, उभ्या उभ्या झोप?" वकील. "शिडी लागायची होती जरा." "उद्या देतो," तो डोळे न उघडता म्हणाला. "डोळे आलेत का?" वकिलांनी विचारलं, आणि ते घुटमळून निघून गेले. प्लग भिंतीवर खरखरत होता. भोकं चुकत होती. डाव्या हातानं, वाकून, काठी कुठं टेकवली असेल, पडेल ती, आत्ता पडेल. त्याच्या मुठी वळल्या. धावून जाऊन तो प्लग बसवणं ही एवढीशी गोष्ट होती, आणि तो गेला असता तर ती परत कधीच काही म्हणाली नसती. खरखर थांबली. तिचा श्वास रडल्यासारखा झाला. मग पुन्हा खरखर. त्यानं पापण्या आणखी घट्ट आवळल्या, फट राहू नये म्हणून, आणि स्वतःशीच म्हणाला, नाही बघत, नाही बघत गं, शप्पथ.

खटका.

पापण्यांवर कोमट काहीतरी पडलं. आत सगळं लाल झालं, जसं कुठल्याही दिव्यानं होतं. निळ्यानं, जांभळ्यानं, भाजीबाजारानं, कशानंही. आता ती म्हणणार, बघ. दर वर्षी म्हणायची. तो वाट बघत राहिला. पोर्चमध्ये काठी एकदा वाजली आणि ती म्हणाली, "मीठ."

तिच्याकडे तोच एक शब्द होता. मीट म्हणायला तोच, आणि उघड म्हणायला दुसरा कुठून आणणार? की अजून काही राहिलं होतं, माळ कठड्यावर टाकायची, गुंता सोडवायचा, आणि खरंच ती म्हणत होती, अजून नको, मीट? त्यानं ऐकलं होतं ते एकदा चुकीचं ऐकलं होतं. पुन्हा चुकायचं नव्हतं. "मीठ," ती पुन्हा म्हणाली, हळू, जवळजवळ हसत, किंवा हसण्यासारखं. घराकडे तोंड करून, लाल अंधारात, तो सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून उभा राहिला.

माळ पांढरी होती. किंचित पिवळट, ऊबदार, तो दर वर्षी मागायचा ती. उन्हाळ्यात, झटका यायच्या आदल्या दिवशी, तिनं ती आणून जिन्याखालच्या कपाटात ठेवली होती.